मामा तलावातील रोहू

मालगुजारी १९५१ साली खालसा झाली, परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलखातील मालगुजारांचे तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, या नावाने आजही सरकारी दप्तरात नांदत आहेत; आणि पावसाने ते भरू लागले की ढिवर मंडळी पाळीवरून मत्स्यबीजाची भांडी उतरवून, आतल्या पाण्यात तलावाचे पाणी ओंजळीओंजळीने मिसळत, बोटाएवढी रुपेरी बोटुकली त्यात अलगद सोडतात.

हे बीज दरवर्षी बाहेरून आणावे लागते, कारण रोहू साचल्या पाण्यात वाढतो, पण वीत नाही. त्याला पुराचे वाहते पाणी लागते. ओडिशात १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण दूर केली. पुढे १९९२ पासून भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, नॉर्वेच्या सहकार्याने, गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतील रोहू एकत्र करून, त्यांतील जोमदार कुळे पिढ्यान्‌पिढ्या निवडली. दर पिढीस सरासरी सतरा टक्के अधिक वाढणारे हे वाण स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ‘जयंती’ या नावाने बाहेर पडले. त्यात परके जनुक नाही. वळू पारखणाऱ्या कुणब्याचीच ती विद्या, मात्र काटेकोर नोंदींच्या आधारे चालवलेली. असे बीज प्रत्येक मामा तलावापर्यंत पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

परंतु जनुकातच हात घालणे ही निराळी गोष्ट आहे. कॅनडात १९८९ साली सॅल्मनच्या अंड्यात दुसऱ्या जातीच्या सॅल्मनचे वाढीचे जनुक घालून, हिमसागरी माशाच्या जनुकाचा एक तुकडा त्याला चालकासारखा जोडण्यात आला, त्यामुळे तो मासा निम्म्या काळात विक्रीयोग्य झाला. अमेरिकेने २०१५ साली त्याला मान्यता दिली ती माद्या वांझ ठेवून त्यांना जमिनीवरील बंदिस्त टाक्यांतच वाढवावे, या शर्तींवर. आपल्याकडेही भुवनेश्वरच्या त्याच संस्थेत रोहूचे रोगप्रतिकाराशी निगडित एक जनुक नेमके छेदण्याचा प्रयोग यशस्वी झाला आहे. प्रयोगशाळेत हे ज्ञान अमोल आहे. पण असा मासा मामा तलावात सोडण्यास, त्याचे वांझपण निःसंशय सिद्ध होईपर्यंत, माझा स्पष्ट विरोध राहील. कारण हा तलाव टाकी नव्हे. श्रावणात सांडवा वाहू लागला की मासे पाण्याबरोबर ओढ्यात उतरतात, ओढा वैनगंगेला मिळतो, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते. आणि तलावात जे त्यांना लाभत नाही, ते पुराचे वाहते पाणी तिथे असते.