गाडीच्या शेडलाही परवाना. मुंडकारांसमोर आधी जमिनीचा प्रश्न

दारात गाडी आली की पेडणे, डिचोलीच्या पावसात तिला आडोसा हवाच. अंगणात चार लोखंडी खांब रोवून वर पत्रे घालायचे, त्याला परवाना कशाला, असा समज गावोगावी रूढ आहे. तो महागात पडू शकतो. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ नुसार नवे बांधकाम करण्यास किंवा असलेल्या इमारतीत भर घालण्यास पंचायतीची लेखी परवानगी लागते. पेडणे, डिचोली व साखळी या पालिका क्षेत्रांत ती पालिका देते. रस्ता व शेजाऱ्याची हद्द यांपासूनचे अंतर, उंची आदी बाबी २०१० च्या बांधकाम नियमावलीनुसार तपासल्या जातात.

मात्र या दोन तालुक्यांत आराखड्यापेक्षा जमिनीचाच प्रश्न अधिक नडतो. घर पिढ्यानपिढ्या मुंडकाराचे, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले. परंतु त्यामुळे अंगणात नवे बांधकाम करण्याची मुभा आपोआप मिळत नाही. मालकाची संमती नसल्यास अर्ज तेथेच अडतो. यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे मामलेदारांकडे अर्ज करून घराखालची जमीन खरेदी करणे. पंचायत क्षेत्रात ३०० व पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत हा हक्क आहे. वर्षानुवर्षे रेंगाळणारे दावे पाहता हा मार्ग सोपा म्हणता येणार नाही, हेही खरेच.

जमीन स्वतःची असली, तरी ती शेतजमीन असल्यास जमीन महसूल संहितेखाली रूपांतराची सनद लागते. घर उतारावर असेल, तर गाडी आत घेण्यासाठी डोंगर कापण्याचा मोह होतो. नगरनियोजन कायद्याचे कलम १७-अ मुख्य नगरनियोजकांच्या पूर्वपरवानगीविना डोंगरकापणीस व सखल भागात भराव टाकण्यास मनाई करते.

बांधून झाल्यावर नियमित करून घेऊ, ही आशाही फोल ठरू शकते. २०१६ चा नियमितीकरण कायदा २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांसाठी आणला गेला. त्यातच मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्यालगतच्या व शेतातील बेकायदा बांधकामांवर कारवाईचे निर्देश दिल्याने, रस्त्याला चिकटून उभारलेली शेड आता सहज नजरेआड होणारी नाही.