अनुभव नाही, तरी नर्स होता येईल का?



रविवारी आरतीनंतर प्रसाद घेताना एक प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. कुणाची नात बारावीला आहे, कुणाची सून दहा वर्षे घर सांभाळून आता काम शोधते आहे. "नर्सिंगला जायचं म्हणते, पण कामाचा काहीच अनुभव नाही. कोण घेणार?" आपल्या ओंटारियो प्रांतात ही वाट कशी आहे, ते सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न.

पहिली गोष्ट म्हणजे, नर्सिंग शिकायला आधी नोकरी केलेली असावी लागत नाही. अनुभव शिक्षणातच मिळतो. विद्यार्थ्यांना रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे लागते, आणि ते अभ्यासक्रमाचाच भाग असते.

या क्षेत्रात शिरायच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली, पर्सनल सपोर्ट वर्कर, म्हणजे पीएसडब्ल्यू. आंघोळ घालणे, जेवू घालणे, उठवणे-बसवणे, चालवणे ही कामे. हे नर्सचे पद नव्हे, पण रुग्णसेवेचा हा पाया. कॉलेजातला कोर्स साधारण दोन सत्रांचा असतो. हे काम आपल्याला झेपते का, हे इथे लवकर कळते.

दुसरी, रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे आरपीएन. दोन वर्षांचा डिप्लोमा. 2022 पासून यासाठी 'रेक्स-पीएन' ही परीक्षा आहे.

तिसरी, रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन. चार वर्षांची पदवी आणि 'एनक्लेक्स' परीक्षा.

पहिल्या पायरीवर उभे राहून पुढची चढता येते. पीएसडब्ल्यूपासून आरपीएन आणि आरपीएनपासून आरएन होण्यासाठी जोड-अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी बहुधा बारावीचे इंग्रजी, गणित, जीवशास्त्र व रसायनशास्त्र लागते. शाळा सोडून बरीच वर्षे झाली असतील तर प्रौढ विद्यार्थी म्हणून अर्ज करण्याची सोय अनेक कॉलेजांत आहे. राहिलेले विषय शाळा मंडळाच्या प्रौढ वर्गांत पुरे करता येतात. रुग्णांजवळ जाण्याआधी पोलिसांचा दाखला, लसींची नोंद आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मागतात. ही कागदपत्रे वेळ खातात, म्हणून आधीच तयारीला लागावे.

भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या सुनांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांनी 'कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटारियो'कडे अर्ज करायचा. नावात कॉलेज असले तरी ही शिकवणारी संस्था नव्हे. नर्सची नोंदणी तिथे होते. परदेशात शिकलेल्या नर्सना मार्गदर्शन करणारे 'केअर सेंटर' टोरांटोत आहे. नोंदणी होईपर्यंत घरी बसून न राहता पीएसडब्ल्यूचे किंवा तत्सम काम धरले, तर इथल्या पद्धती आणि भाषा अंगवळणी पडतात. मात्र "पैसे द्या, नोकरी मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे.

खर्चासाठी ओसॅप ही सरकारी मदत आहे. 'लर्न अँड स्टे' या अनुदानात ठराविक भागांत नर्सिंग शिकून पुढे तिथेच काही काळ काम करायचे कबूल केले, तर फी आणि पुस्तकांचा खर्च मिळतो. अटी बदलत असतात. अर्ज करण्यापूर्वी कॉलेजात नीट विचारून घ्यावे.

अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न तरीही उरतो. शाळेच्या मुलांना डिप्लोमासाठी 40 तास समाजसेवा करावीच लागते. ती वृद्धाश्रमात केली तर पुढे उपयोगी पडते. आजारी सासऱ्यांची दोन वर्षे शुश्रूषा केलेल्या सुनेने तेही मुलाखतीत मोकळेपणाने सांगावे. त्याचा पगार मिळाला नसेल, पण शिकणे झालेच आहे.

आपल्यातल्या काहींना अजूनही वाटते, "आपल्या घरातली मुलगी आणि लोकांची मलमूत्र काढणार?" 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, तेव्हाही हेच बोलले गेले. तिथल्या कित्येक स्त्रिया विधवा होत्या, उंबरठ्याबाहेर कामाचा अनुभव शून्य. त्यांतल्या काही ससून रुग्णालयात नर्सिंग शिकल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

शिवाय हा प्रश्न आपलाही आहे. स्मृतिभ्रंशात माणूस पुष्कळदा नंतर शिकलेले इंग्रजी विसरतो आणि मातृभाषेकडे वळतो. अशा वेळी "पाणी दे गं" एवढे समजणारे कुणी जवळ असणे ही केवढी सोय! उद्या आपल्यापैकी कुणाच्याही उशाशी अशी मुलगी, किंवा मुलगाही, उभा असू शकेल.

म्हणून ज्येष्ठ मंडळींना नम्र विनंती. सुनेच्या वर्गाच्या वेळी नातवंडांना सांभाळा. पहाटेच्या पाळीला निघालेल्या नातीला डबा भरून द्या. आपल्यापैकी जे निवृत्त नर्स वा डॉक्टर आहेत, त्यांनी रविवारी आरतीनंतर अर्धा तास या मुलांसाठी द्यावा. आपले नाव मंदिराच्या कार्यालयात नोंदवावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी कल्याण निधीच्या पेटीत पुस्तकांसाठी आणि परीक्षेच्या फीसाठी यथाशक्ती भर घालावी. ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच न करता विश्वस्तांना भेटावे. नावे गुप्त ठेवली जातील.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ