नव्या उद्योगास मार्गदर्शक कसा असावा?

घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत हल्लीं एक प्रसंग येऊं लागला आहे. मुलगा पुण्यास किंवा अकोल्यास शिकून परत येतो आणि म्हणतो, "बाबा, मला नोकरी करावयाची नाहीं. एखादें अवजार बनवूं, सोयाबीनवर कांहीं प्रक्रिया करूं, दहा मित्र मिळून कंपनी काढूं." बाप विचारांत पडतो. वडिलोपार्जित जमीन यापायीं गहाण टाकावी काय, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. पैसा किती द्यावा याची चर्चा घरांत महिनाभर चालते. परंतु मुलास वाट दाखविणारा कोण, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें पहिला प्रश्न तोच आहे.

नव्या उद्योगांस थोड्या मुदतींत आपल्या पायांवर उभें राहण्यास शिकविणाऱ्या संस्थांस ॲक्सिलरेटर असें नांव आहे. अमेरिकेंत २००५ सालीं वाय काँबिनेटर व २००७ सालीं टेकस्टार्स या संस्थांनीं हा प्रघात पाडला. उमेदवार निवडावयाचे, थोडें भांडवल द्यावयाचें, सुमारें तीन महिने अनुभवी लोकांच्या सहवासांत ठेवावयाचें आणि शेवटीं भांडवलदारांपुढें उभें करावयाचें, अशी ही रीत आहे. याच जातीची, पण अधिक सावकाश चालणारी संस्था म्हणजे इन्क्युबेशन केंद्र. मुंबईच्या आय. आय. टी.नें असें केंद्र २००४ सालीं काढलें. बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आश्रयानें अटल इन्क्युबेशन केंद्र निघालें. केंद्र सरकारनें राष्ट्रीय कृषि विकास योजनेच्या 'रफ्तार' या शाखेंतून २०१८-१९ पासून शेतीच्या नव्या उद्योगांस साहाय्य देण्यास आरंभ केला. कल्पनेच्या अवस्थेंत ५ लाखांपर्यंत व पुढच्या अवस्थेंत २५ लाखांपर्यंत अनुदान ठरलें. या सर्व ठिकाणीं पैशाबरोबर मार्गदर्शकही दिला जातो. पण पैशाचा आंकडा सर्वांस पाठ असतो. मार्गदर्शक कोण, कसा, याची चौकशी फार थोडे करतात.

हा प्रश्न तसा नवा नव्हे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस आपल्या संस्थानांत कुंडलजवळ जागा दिली व १०,००० रुपयांचें कर्जही दिलें. तेथें किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर तयार होता. परंतु लोखंडानें जमीन नासते अशी समजूत असल्यामुळें शेतकरी तो घेईनात, आणि पहिले थोडे नांगर खपण्यास फार काळ गेला. राजेसाहेबांचा आश्रय मोलाचा खरा; तथापि नांगर चालेल कीं नाहीं हें ठरविणारा शेवटीं तासांत उभा असलेला शेतकरीच होता. यावरून एवढें घ्यावें कीं, पैसा देणारा वेगळा आणि उद्योगास तासापर्यंत नेणारा वेगळा. पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळालाच, असें समजूं नये.

आतां चांगल्या मार्गदर्शकाचीं लक्षणें पाहूं. पहिलें लक्षण निःस्वार्थता. अमेरिकेंतील एम. आय. टी. या विद्यापीठानें २००० सालीं नव्या उद्योगांसाठीं मार्गदर्शकांचें मंडळ स्थापिलें. तेथें एकट्यादुकट्यानें सल्ला न देतां तीनचार जण एकत्र बसतात. आणि ज्यास सल्ला द्यावयाचा, त्याच्या उद्योगांत मार्गदर्शक असेपर्यंत स्वतःचें भांडवल घालावयाचें नाहीं, असा दंडक आहे. यांतील मर्म शेतकऱ्यास सांगणें नलगे. बियाणें विकणाराच कोणतें बियाणें पेरावें हें सांगूं लागला म्हणजे काय होतें, याचा अनुभव आपणांस आहे.

दुसरें लक्षण, उत्तर देण्यापूर्वीं प्रश्न विचारणें. समजा, मेहकर तालुक्यांतील एखाद्या तरुणानें सोयाबीनचें बियाणें निवडण्याचें यंत्र केलें. माल स्वच्छ निघतो, काडीकचरा राहत नाहीं, पाहणारे वाहवा करतात. कच्चा मार्गदर्शक म्हणेल, "उत्तम! आतां कर्ज काढ." पक्का मार्गदर्शक विचारील, "यंत्रांतून निघालेले १०० दाणे ओल्या गोणपाटांत ठेवले, तर किती उगवतात?" सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक असते, मार बसला कीं उगवण घटते, आणि शेंकडा ७० हून कमी दाणे उगवले तर तो माल बियाणें म्हणून प्रमाणांत बसत नाहीं. या एका प्रश्नानें तो तरुण यंत्राचा वेग कमी करील, किंवा हें यंत्र बियाण्यासाठीं नसून बाजारच्या मालासाठीं आहे, असें ठरवील. मग दुसरा प्रश्न: "वर्षांतून किती दिवस यंत्र चालेल, आणि तेवढ्या दिवसांत त्याची किंमत निघेल काय?" निर्णय मात्र तरुणाचाच राहिला पाहिजे. ज्याच्या डोक्यावर कर्ज, त्याच्याच हातीं कासरा.

तिसरें लक्षण नियमितपणा. वर्षांतून एकदां हारतुरे घेऊन भाषण करणारा मार्गदर्शक नव्हे. पंधरा दिवसांनीं ठरल्या वारीं बसावें, मागें काय ठरलें व त्यांतून काय झालें हें वहींत लिहावें, जमाखर्च उघडून पाहावा. चौथें लक्षण, वेळेवर "थांब" म्हणण्याचें धैर्य. पहिल्या ५० हजारांत चूक कळली तर ती शिकवण होते. जमीन गहाण पडल्यावर कळली तर घर बसतें.

येथें आमचाच एक दोष कबूल करणें प्राप्त आहे. कांहीं तरुणांनीं एकदां आम्हांस आपल्या दालमिलच्या विचारासाठीं बोलाविलें. जाहिरात, वेष्टण, निर्यात, सर्व विषयांवर आम्ही तासभर बोललों. त्यांनीं टिपणें घेतलीं, चहा पाजला, आभार मानले. निघतांना त्यांतील धाकट्यानें विचारलें, "काढणीच्या वेळीं तूर स्वस्त असते हें खरें, पण वर्षभराची तूर तेव्हांच घेऊन ठेवण्यास पैसा कोठून आणावा?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि खरा प्रश्न तर तोच होता. तासाभरांत त्या मुलांस आम्हीं बोलूंच दिलें नव्हतें. दालमिल चालविणाऱ्या एखाद्या अनुभवी गृहस्थाशीं त्यांची गांठ घालून दिली असती, तर आमच्या भाषणापेक्षां तें शतपट उपयोगी पडलें असतें. आपणांस काय येत नाहीं हें जाणणें, हेंही मार्गदर्शकाचें लक्षण होय.

ही गोष्ट तरुणांपुरती नाहीं. २००२ सालच्या कायद्यानें शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. २०२० सालीं केंद्र सरकारनें १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांची योजना काढली. तींत मैदानी भागांत किमान ३०० सभासदांची अट, तीन वर्षांत व्यवस्थापनासाठीं १८ लाखांपर्यंत मदत, आणि पांच वर्षें हातीं धरून चालविण्यासाठीं सी. बी. बी. ओ. या नांवाच्या संस्था, अशी तजवीज होती. म्हणजे हा शेतकऱ्यांचा ॲक्सिलरेटरच होय. अशा कंपनीच्या संचालकांनीं आपल्या मार्गदर्शक संस्थेस तीन प्रश्न विचारावेत: आमचा हिशेब आमचा माणूस केव्हां लिहूं लागेल? व्यापाऱ्याशीं बोलणें आमचा संचालक केव्हां करील? मदत थांबल्यावर चौथ्या वर्षीं पगार कोठून निघेल? जो मार्गदर्शक सर्व कामें स्वतःच उरकतो तो कंपनीस पांगळी करतो. तो गेल्यावर काय चालू राहतें, हीच त्याची परीक्षा.

शेवटीं वाचकांस विनंति एवढीच. कृषि विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अकोल्यास आहेत; कृषि विज्ञान केंद्रें जिल्ह्यांत बुलढाण्यास व जळगांव जामोदास आहेत; त्यांच्याकडे मुलांस अवश्य पाठवावें. परंतु शेतीच्या उद्योगाचा पहिला मार्गदर्शक आपणच आहों. गांवांतील मुलानें अवजार केलें तर त्यास अर्धा एकर चालवून पाहूं द्यावें, आणि खोटी स्तुति न करतां कोठें अडलें तें सांगावें. माल चांगला असेल तर फुकट न मागतां रोख पैसे मोजून घ्यावा. कारण रोख मोजणारें गिऱ्हाईक जें शिकवितें तें कोणताही सल्लागार शिकवीत नाहीं. आणि आपल्या मुलानें जमीन गहाण टाकण्याचा विषय काढला, तर "हो" किंवा "नाहीं" म्हणण्यापूर्वीं त्यास विचारावें, "बाबा रे, तुझें यंत्र कोणाकोणाच्या शेतांत चालवून पाहिलेंस?" उत्तर नसेल, तर सात-बाराचा उतारा तसाच पेटींत राहूं द्यावा आणि बापलेकांनीं मिळून आधीं शेताची वाट धरावी.