अपस्मार आणि एपिलेप्सी
सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये अपस्माराने वारले. वय अवघे ३२.

आपण ज्याला फेफरे म्हणतो, त्याचे हे संस्कृत नाव. ‘अप’ म्हणजे दूर, ‘स्मार’ म्हणजे स्मरण. झटक्यानंतर रुग्णाला पुष्कळदा मधले काही आठवत नाही. नाव ठेवणाऱ्याने हे नेमके टिपले. ‘एपिलेप्सी’च्या मुळाशी मात्र झडप घालून पकडणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. पकडणारा कोण? देव किंवा पिशाच्च, असा समज! आपले ‘झपाटणे’ त्याच जातीचे. प्रत्यक्षात मेंदूतील चेतापेशींचे विद्युतसंदेश एकदम, बेताल सुटतात.

तेव्हा वर्गात झटका आलेल्या मुलाला कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर दवाखाना गाठा.