रस्त्यावर सांडलेले विष: बंब येण्यापूर्वी आणि आल्यावर



२९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट. सुमारे तीन वाजले होते. पुण्याहून बंगलोरकडे पेट्रोल घेऊन निघालेला एक टँकर आणि साताऱ्याकडून येणारा कांद्याचा ट्रक यांची सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ महामार्गावर धडक झाली. टँकर रस्ता सोडून वीसएक फुटांवर डाव्या कुशीवर उलटला. आतले पेट्रोल गळू लागले व जवळच साचत राहिले. उजाडले तशी माणसे भोवती जमली. सव्वासात वाजता स्फोट झाला आणि आग भडकली. कित्येक जण भाजले व त्यांतले काही दगावले. मरण पावलेल्यांत पंचविशीतला एक तरुण होता.

त्या तरुणाच्या कुटुंबीयांनी नुकसानभरपाईसाठी केलेला दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धडक झाली तीनला आणि स्फोट झाला सातला, म्हणजे या दोन वेगळ्या घटना आहेत, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. न्यायालयाने १९९१ साली ते अमान्य केले. धडक, गळती व स्फोट ही एकच साखळी आहे, असा निर्णय झाला आणि भरपाईचा हक्क मान्य करण्यात आला. पण आम्हाला त्या मधल्या चार तासांविषयी लिहायचे आहे. हे चार तास प्रत्येक गावाच्या वाट्याला येऊ शकतात. तेव्हा काय करावे हे ठाऊक असेल, तर जीव वाचतात.

हे आपल्या दाराशी आहे

कारखाने शहरात, आपले काय, असे पुष्कळांना वाटते. परंतु रसायने रस्त्याने जातात आणि रस्ते शेतांमधून जातात. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिकच्या द्राक्षबागा व मालेगाव-धुळ्याची शिवारे ओलांडून इंदूरमार्गे ग्वाल्हेरला पोचतो. ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात १९२१ साली जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. आज ती बंद आहे. कापडगिरणी म्हटली की कॉस्टिक सोडा, आम्ल व रंग आलेच, त्यामुळे गिरणीवस्तीतल्या माणसाला निदान या मालाची नावे तरी ठाऊक असतात. शेतकऱ्याच्या बांधाला टँकर उलटला तर त्याला नावही कळत नाही. शिवाय दूध थंड करणाऱ्या केंद्रात आणि बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो, पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीन असतो आणि आपल्या घराच्या कोपऱ्यात फवारणीचे औषध असते.

अग्निशामक दल काय करते

बंब आला की लगेच पाणी मारतील, अशी लोकांची समजूत असते. जवान तसे करीत नाहीत म्हणून कित्येकदा गर्दी त्यांच्यावर चिडते. पण आत काय आहे हे कळल्याशिवाय पाणी मारणे घातक ठरू शकते. पेट्रोल पाण्यावर तरंगते. पाणी ओतले तर ते पसरते व आग ओढ्याने गावात शिरते. तीव्र गंधकाम्लावर थोडे पाणी पडले तर ते उकळून उडते. गळत्या क्लोरीनच्या टाकीवर थेट पाणी मारले तर तेथे आम्ल तयार होऊन धातू खातो आणि भोक मोठे होते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि स्फोटकेही होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. आत काय भरले आहे, हा पहिला प्रश्न का विचारायचा, हे त्या दिवसावरून समजावे.

म्हणून जवान वाऱ्याच्या बाजूने व उंचावरून जवळ येतात. आधी लांबूनच टँकरवरची पाटी वाचतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक मालाच्या गाडीवर अशी पाटी लावणे सक्तीचे आहे. तीवर मालाचे नाव, चार आकडी क्रमांक, धोक्याचे चित्र व तातडीचा दूरध्वनी असतो. चालकाजवळ मालाची माहिती देणारे कार्डही असले पाहिजे. पेट्रोलचा क्रमांक १२०३, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५, मिठाच्या आम्लाचा १७८९, तर गंधकाम्लाचा १८३०. पाटीवरचे आकडे इंग्रजी अंकांत असतात, हे लक्षात असू द्यावे.

पाटीवर आणखी एक लहानसा संकेत असतो. त्याचा पहिला अंक काय वापरायचे ते सांगतो. १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फेस आणि ४ म्हणजे कोरडा पदार्थ. पुढचे अक्षर जवानांनी कोणता पोशाख घालावा आणि सांडलेला माल पाण्याने पातळ करावा की अडवून ठेवावा, हे सांगते. शेवटी 'ई' हे इंग्रजी अक्षर असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करावा लागतो. पेट्रोलच्या पाटीवर ३, वाय व ई अशी खूण असते. फेस वापरा, माल अडवा, माणसे हलवा, असा तिचा अर्थ.

त्यानंतर जवान जागेचे तीन भाग करतात. अगदी आतल्या भागात फक्त श्वसनयंत्र व पूर्ण पोशाख घातलेले जवान जातात. मधल्या भागात बाहेर पडणाऱ्यांना धुऊन काढतात. रुग्णवाहिका, पोलीस व अधिकारी बाहेरच्या भागात थांबतात. मग गळती बुजवणे, माती-वाळूचा बांध घालणे, पेट्रोलवर फेसाची साय धरणे, अमोनियाच्या वाफेवर बारीक फवाऱ्याचा पडदा धरणे अशी कामे चालतात. जवान धुतल्याशिवाय बाहेर येत नाही, कारण कपड्याला लागलेले विष तो घरी नेईल.

बंब येईपर्यंत गावाने काय करावे

पहिले काम कळवण्याचे. ११२ किंवा १०१ ला दूरध्वनी करावा आणि जखमींसाठी १०८ ला. ठिकाण, गावाचे नाव, गळती आहे की आग, आणि लांबून दिसला तर पाटीवरचा क्रमांक सांगावा. क्रमांक वाचायला जवळ जाऊ नये.

दुसरे काम वारा ओळखण्याचे. उफणणी केलेल्या माणसाला हे शिकवायला नको. मूठभर माती उधळून पाहावी. भूस जिकडे उडेल ती बाजू धोक्याची. आपण वाऱ्याला आडवे चालत त्याच्या वाटेतून बाहेर पडावे व चढावर जावे. पेट्रोलची वाफ आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने ओढा, चर, विहीर अशा खोलगट जागी साचतात. निदान ५० मीटर परिसर मोकळा करावा. टँकरलाच आग लागली असेल तर ८०० मीटर.

तिसरे काम ठिणगी टाळण्याचे. विडी-सिगारेट, चूल, मोटारसायकल, विहिरीवरचा पंप, सगळे बंद. जवळ उभे राहून मोबाइलवर चित्रे काढू नयेत.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि ती आम्ही स्पष्ट लिहितो. कॅन, बादली घेऊन कोणीही जाऊ नये. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात अहमदपूर शर्किया येथे उलटलेल्या टँकरमधले इंधन भरून घ्यायला जमलेले दोनशेहून अधिक लोक जळून मेले. त्यांत मुलेही होती. गरिबाला फुकटचे पेट्रोल दिसले तर मोह होतो, त्यात नवल नाही. म्हणून वडीलधाऱ्यांनी, सरपंचांनी व तरुण मंडळाने रस्त्यावर आडवे उभे राहून लोकांना थोपवावे. गावाची ही खरी सेवा आहे.

सांडलेला द्रव ओढ्याकडे वाहत असेल, तर सुरक्षित अंतरावर, उताराच्या पुढे व वाऱ्याच्या बाजूला राहून मातीचा बांध घालता येतो. पण वास येऊ लागला, डोळे चुरचुरले किंवा घसा धरला, तर फावडे टाकून निघावे. बांध पुन्हा घालता येतो.

भोपाळचा धडा

१९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात द्रवरूप मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि विषारी वायू शहरावर पसरला. हजारो माणसे मेली. ओला फडका नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढे साधे सांगणेही त्या रात्री वस्तीपर्यंत वेळेवर पोचले नाही. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले. शेजारच्या कारखान्यात काय साठवले आहे आणि अपघात झाला तर काय करायचे, हे विचारण्याचा अधिकार गावाला आहे. ग्रामसभेत तो वापरावा.

अंगावर उडाले तर

कपडे लगेच उतरवावेत व वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावे. आम्लावर चुना किंवा सोडा चोळू नये, कारण त्याने जखम वाढते. डोळा नाकाकडून कानाकडे पाणी सोडून धुवावा. पेट्रोल, रॉकेल किंवा आम्ल पोटात गेले असेल तर वांती करवू नये. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये, कारण फुप्फुसात गेलेला एक घोटही जीव घेऊ शकतो.

कीटकनाशकाची बाटली फुटली तरी नियम हेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो आजारी पडले. लाळ गळणे, दरदरून घाम येणे, बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी होणे, श्वास अडणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा आणि बाटलीवरची चिठ्ठी बरोबर न्यावी. ती वाचून डॉक्टर उतारा ठरवतात. रोग्याला उचलणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. घरात सांडलेले औषध कोरड्या मातीने टिपून घ्यावे, पाण्याने मोरीत ढकलू नये.

शेतात रसायन शिरले असेल तर त्या विहिरीचे पाणी माणसांना व जनावरांना देऊ नये आणि तेथला चारा कापू नये. तलाठी, कृषी अधिकारी व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवावे आणि पाणी तपासून घ्यावे. पंचनामा झाल्याशिवाय माती हलवू नये. भरपाईला तोच आधार असतो.

एवढे पाठ करावे

१. दूर जा, चढावर जा, वाऱ्याला आडवे जा.
२. ११२ ला कळवा.
३. ठिणगी नको, बादली नको.
४. अंगावर उडाल्यास कपडे काढा, वीस मिनिटे धुवा.
५. जवान सांगतील तसे करा.

हे कागदावर लिहून ग्रामपंचायतीत, शाळेत आणि चर्चच्या फलकावर लावावे. रात्री-अपरात्री लोकांना सावध करण्यासाठी घंटा किंवा ध्वनिक्षेपक कोणी वाजवायचा, हेही आजच ठरवून ठेवावे. कवठ्याजवळ चार तास हाताशी होते. आपल्याला चार मिनिटेच मिळतील, असे धरून तयारी असावी.