नवी सेडान देऊन जुनी स्पोर्ट्‌स गाडी

चार दारांची, तीन-चार वर्षांची, बिनबोभाट चालणारी सेडान विकावी आणि तिच्या जागीं पंचवीस-तीस वर्षांची, दोनच माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स गाडी आणावी, तीहि रविवारच्या हौसेसाठीं नव्हे तर रोज कचेरीस जाण्यायेण्यासाठीं, हा बेत प्रथमदर्शनीं कोणासहि वेडेपणाचा वाटेल. अमेरिकेंत मात्र असा बेत करणारे लोक आढळतात, आणि ते सारेच उधळे किंवा उनाड असतात असें नाहीं. चांगले पोक्त, हिशेबी गृहस्थहि त्यांत असतात. ही अदलाबदल नेमकी कशाची होते, पदरांत काय पडतें आणि हातचें काय जातें, हें पाहिल्यावांचून तिला वेडेपणाहि म्हणतां येत नाहीं आणि शहाणपणाहि.

बोलण्यास आधार म्हणून दोन गाड्या समोर ठेवाव्या. पहिली टोयोटाची कॅम्री, २०१८ च्या सुमाराची. अमेरिकन मध्यमवर्गाची ती जणूं कुलदेवताच. दुसरी माझदा कंपनीची एम्‌एक्स-५, जी अमेरिकेंत मियाटा या नांवानें ओळखली जाते. आणि तीहि पहिल्या पिढीची, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळांत तयार झालेली.

या दुसरीची जन्मकथा थोडी विलक्षण आहे. इंग्लंडांत एम्‌. जी., ट्रायम्फ, लोटस इत्यादि कारखान्यांनीं हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्यांची एक परंपराच निर्माण केली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लोकांना त्या गाड्यांचें वेड लागलें. परंतु या गाड्या तेल गाळीत, पावसांत त्यांची वीज रुसे, आणि १९८० च्या सुमारास त्यांपैकीं बहुतेकांचें उत्पादनच थांबलें. १९७९ सालीं बॉब हॉल नांवाच्या अमेरिकन पत्रकारानें माझदाचे केनिची यामामोतो यांच्यापाशीं गोष्ट काढली कीं, अशी साधी, हलकी, उघडी गाडी आतां कोणींच करीत नाहीं, ती तुम्हीं करावी. हॉल पुढें माझदाच्या कॅलिफोर्नियांतील कचेरींत नोकरीसच लागला. दहा वर्षांनीं, फेब्रुवारी १९८९ मध्यें, शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत जी गाडी लोकांपुढें आली, तिचें रूप इंग्रजी वळणाचें होतें, पण स्वभाव जपानी होता: किल्ली फिरवितांच ती सुरू होत असे. तिचे मुख्य अभियंते तोशिहिको हिराई यांनीं 'जिनबा इत्ताई' हें सूत्र डोळ्यांपुढें ठेवलें होतें. घोडा आणि स्वार एकजीव व्हावे, असा त्याचा अर्थ. १९९७ पर्यंत या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि २०१६ सालीं सर्व पिढ्या मिळून दहा लक्षांचा आंकडा पुरा झाला. हे आंकडे नुसत्या कौतुकाचे नव्हेत. रोजच्या वापराच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व पुढें दिसेलच.

स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे वेगवान गाडी, ही समजूत येथें पहिल्याच फटक्यास ढासळते. सुरुवातीच्या मियाटांत १६०० घनसेंटिमीटरचें एंजिन असे व त्याचें बळ सुमारें ११५ अश्वशक्ति. कॅम्रीच्या साध्या, चार सिलिंडरच्या एंजिनाचें २०० च्या वर. सिग्नल हिरवा होतांच दोघी एकदम निघाल्या, तर घरगुती सेडानच पुढें जाईल. पेट्रोलच्या बाबतींतहि तोच प्रकार. लहानशी मियाटा एका लिटरांत सुमारें १० किलोमीटर जाते, आणि तिच्याहून दीडपट वजनाची नवी कॅम्री १३ ते १४. तीस वर्षांत एंजिनाची विद्या किती पुढें गेली, याचा एवढा एकच दाखला पुरे.

मग मौज कशांत आहे? ती वजनांत आहे, आणि त्या वजनाच्या मांडणींत आहे. मियाटाचें वजन सुमारें १००० किलोग्रॅम, कॅम्रीचें सुमारें १५००. शिवाय मियाटाचें एंजिन पुढच्या आंसाच्या मागें सरकवून बसविलें आहे, त्यामुळें पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ सारखा भार पडतो, आणि जड भाग गाडीच्या मध्याजवळ येतात. याचा परिणाम कावड वाहणाऱ्यास चटकन समजेल. भरलेले घडे दांडीच्या टोकांस लोंबत असले म्हणजे अंग वळविणें किती जड जातें! तेच दोन घडे खांद्याशीं आणले, तर वजन तितकेंच असूनहि मनुष्य भिंगरीसारखा फिरतो. मियाटा वळते ती अशी. तिच्यांत कामाची वांटणीहि आहे: एंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे जातो, पुढच्या चाकांकडे फक्त दिशा देण्याचें काम राहतें, त्यामुळें रस्त्याचा खडबडीतपणा, चाकाची पकड, ती सुटूं लागल्याची पहिली सूचना, हें सारें स्टिअरिंगच्या चाकांतून हातांना कळतें. टायर अरुंद असल्यानें ही सूचना फार वेगांत जाण्यापूर्वींच मिळते. तीनशें अश्वशक्तीच्या गाडींत जो आनंद ताशीं १५० किलोमीटरला येतो, तो येथें ताशीं ५० ला येतो. आणि १५० ला पोलीसहि येतात. कचेरीच्या रोजच्या रस्त्यावर, जेथें कोणासच वेगानें जातां येत नाहीं, तेथें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. हळू गाडी वेगानें चालविण्यांत वेगवान गाडी हळू चालविण्यापेक्षां अधिक सुख आहे, असें या गाडीचे भक्त म्हणतात, त्यांत तथ्य आहे.

पण रोजचा व्यवहार केवळ वळणांचा नसतो. गाडीची उंची सव्वा मीटरहून किंचित कमी. शेजारीं मालवाहू ट्रक उभा राहिला कीं त्याचें चाक चालकाच्या खांद्याशीं येतें. डिकींत बॅटरी आणि राखीव चाक यांनींच पुष्कळ जागा अडविलेली असते. उरलेल्या जागेंत आठवड्याचा बाजार बेतानें मावतो, दोन मोठ्या पेट्या मावत नाहींत. मोठ्या रस्त्यावर कापडी टपांतून वाऱ्याचा आवाज एवढा येतो कीं, लांबच्या प्रवासांत संभाषण आपोआपच संपतें. मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची असते, ती उन्हानें धुरकटते आणि कडाक्याच्या थंडींत घडी घातली तर तडकते. यांतील एकहि गैरसोय असह्य नाहीं. तथापि वर्षांतून ३०० दिवस सोसावयाची गैरसोय ही रविवारच्या गैरसोयीहून निराळी वस्तु आहे.

पैशाचा हिशेब लोक सामान्यतः घाईनें करतात. नव्या गाडीचें मोल पहिल्या कांहीं वर्षांत झपाट्यानें उतरतें. तिच्यावर कर्ज असेल तर पुष्कळदां कर्ज अधिक आणि गाडीची किंमत कमी, अशी स्थिति असते, व ती विकतांना पदरचे पैसे भरावे लागतात. हें आधीं तपासावें. जुन्या मियाटाचें मोल मात्र उतरावयाचें तेवढें केव्हांच उतरून गेलें आहे. उलट गेल्या दशकांत चांगल्या राखलेल्या गाड्यांच्या किमती चढल्याच. तेव्हां हप्ता गेला, घसाराहि गेला. मग निव्वळ बचतच नव्हे काय? नव्हे. हप्ता ठरलेल्या तारखेस ठरलेला येतो. जुन्या गाडीचा खर्च न सांगतां येतो. एका महिन्यांत कांहींच नाहीं, पुढच्या महिन्यांत क्लच, टायर व रेडिएटर एकदम. खर्चाचा आंकडा कदाचित् कमी भरेल, पण त्याचें वेळापत्रक मालकाच्या हातीं राहत नाहीं. आणि पैशाहून मोठी रक्कम भरावी लागते ती लक्षाची. आज कोठें थेंब पडला, आवाज कालच्याहून निराळा आहे काय, पाण्याची पातळी उतरली काय, ही चौकशी सेडानच्या मालकास वर्षानुवर्षें करावी लागत नाहीं. ज्यास या चौकशींतच रस आहे त्याला हा खर्च नसून मिळकत आहे. ज्याला नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये.

या गाडीचीं दुखणीं बव्हंशीं जगजाहीर आहेत, ही त्यांतल्या त्यांत चांगली गोष्ट. टपाच्या मागच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून जाण्यासाठीं नळ्या ठेवलेल्या असतात. पालापाचोळ्यानें त्या तुंबल्या कीं पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यांत सांचतें आणि गंज आंतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आंतला पत्रा गेलेला असतो. हिवाळ्यांत ज्या राज्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिशिगन-ओहायोकडील गाडीपेक्षां कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेंतली गाडी लांबून आणवूनहि स्वस्त पडते, ती यामुळें. क्लचचा खालचा लहान सिलिंडर गळतो; तो भाग स्वस्त आहे, पण गळला म्हणजे गिअर पडत नाहीं आणि कचेरी चुकते. १९९० व १९९१ च्या आरंभींच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचें पुढचें टोंक आंखूड असे व त्यावरील पुली सैल होऊन तें झिजे. हा मात्र महागडा रोग. टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांनीं बदलावयाचा असतो. तो न बदलतां तुटला तर अनेक गाड्यांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून एंजिनाचा चुराडा होतो. या गाडीच्या एंजिनांत ते एकमेकांस भिडत नाहींत, म्हणून प्राण वांचतात, गाडी फक्त रस्त्यांत उभी राहते.

वर सांगितलेल्या चार लाखांच्या आंकड्याचें महत्त्व येथें आहे. एवढ्या गाड्या निघाल्या म्हणून सुटे भाग अद्याप मिळतात आणि तिचें काम जाणणारे मेकॅनिकहि सांपडतात. २०१७ सालीं खुद्द माझदानें जपानांत पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली, आणि टपाच्या कापडासारखे बंद पडलेले भाग पुन्हां बनविण्यास घेतले. थोड्या संख्येनें निघालेल्या एखाद्या दुर्मिळ इटालियन गाडीचा मालक एका दिव्याच्या कांचेसाठीं महिना-महिना ताटकळतो. रोजच्या वापरासाठीं जुनी गाडी निवडतांना तिचें सौंदर्य दुय्यम. ती किती संख्येनें जन्मली हें प्रथम.

आतां सर्वांत जड प्रश्न, सुरक्षिततेचा. हौशी लोक तो बहुधा एका वाक्यांत उरकतात. तो एका वाक्याचा नाहीं. १००० किलोग्रॅमची गाडी आणि १५०० किलोग्रॅमची गाडी, दोघी ताशीं ५० किलोमीटरनें समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असें धरावें. तेव्हां दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेनें ताशीं १० च्या वेगानें सरकतील. म्हणजे जड गाडींतील माणसांच्या वेगांत ४० चा फरक पडला, हलक्या गाडींतील माणसांच्या वेगांत ६० चा. आणि तोहि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत. ज्या हलकेपणामुळें मियाटा भिंगरीसारखी वळते, तोच हलकेपणा येथें जिवावर उठतो. एकाची फळें घेऊन दुसऱ्याचें देणें नाकारतां येत नाहीं. १९९० च्या अमेरिकन मियाटांत एकच एअरबॅग, चालकापुढची. शेजारच्यासाठीं ती १९९४ च्या गाड्यांपासून आली. बाजूनें धक्का बसल्यास डोकें वांचविणारी एअरबॅग एकींतहि नाहीं. घसरूं लागलेल्या गाडीच्या एकेका चाकाचा ब्रेक आपण होऊन लावून तिला सरळ करणारी 'इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल' ही योजना अमेरिकेंत २०१२ च्या गाड्यांपासून सक्तीची झाली. ज्या प्राणघातक अपघातांत एकच गाडी सांपडते, त्यांचा धोका या योजनेनें जवळजवळ निम्म्यानें कमी होतो, असा तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेचा निष्कर्ष आहे. जुन्या गाडींत ही योजना नाहीं, आणि ती मागाहून बसवितांहि येत नाहीं. उत्तम टायर, नवे ब्रेक, धडधाकट पट्टे आणि जागरूक चालक यांनीं अपघात टळूं शकतो. पण घडलेल्या अपघातांत यांपैकीं पट्ट्याखेरीज कांहीं उपयोगी पडत नाहीं.

म्हणून घरांत एकच गाडी असेल आणि मूल लहान असेल, तर हा बेत सोडून द्यावा, असेंच म्हटलें पाहिजे. दोनच आसनें, त्यांतील एकापुढें एअरबॅग असेल तर तान्ह्या मुलाचें मागें तोंड असलेलें आसन तेथें ठेवणें प्राणघातक. आणि एअरबॅग नसली तरी मूल, आई आणि चालक हीं तिघें बसावयाचीं कोठें? घरांत दुसरी मोठी गाडी असेल, कचेरी जवळ असेल, रस्ता अतिवेगाचा नसेल आणि एखाद्या दिवशीं बसनें जाण्याची सोय असेल, तर गोष्ट वेगळी. विम्याचीहि एक मेख येथें आहे. जुन्या, संग्रहणीय गाड्यांचा स्वस्त विमा पुष्कळ कंपन्या देतात, पण त्यांत सामान्यतः रोज कचेरीस नेण्याची मनाई असते. रोज वापरावयाची तर साधा विमा घ्यावा लागतो, आणि अपघातांत कंपनी गाडीची चालू बाजारभावानेंच किंमत धरते; मालकानें ओतलेली माया त्या तक्त्यांत बसत नाहीं.

एवढें करून ज्याचा विचार पक्का राहील त्यानें गाडी पाहण्यास पावसाच्या दुसऱ्या दिवशीं जावें. पायांखालचा गालिचा उचलून ओल हातानें पाहावी, दारांखालचा पत्रा बोटानें दाबून पाहावा, आणि तिऱ्हाईत मेकॅनिककडून सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. एंजिन थंड असतां वरच्या बाजूनें शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकूं आली तर घाबरूं नये. ती या गाडीची जुनी खोड आहे व एंजिन तापल्यावर बहुधा थांबते. टायरवर चार आंकडे कोरलेले असतात, ते वाचावे: २३१५ याचा अर्थ तो टायर २०१५ सालच्या २३ व्या आठवड्यांतला. नक्षी कितीहि नवी दिसो, दहा वर्षांचें रबर ओल्या रस्त्यावर विश्वासाचें नाहीं, आणि क्वचित् फिरणाऱ्या स्पोर्ट्‌स गाडीवर असे टायर हटकून सांपडतात. त्यांची किंमत सौद्यांतून वजा करून घ्यावी, आणि सेडान विकण्याची जाहिरात मात्र नवे टायर चढून, जुनी गाडी महिनाभर कचेरीस जाऊन आल्यावर द्यावी.