आंदणात न गेलेलं ठाणं

पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असतं. ठाण्यात वाढल्यामुळे मला पुढचा प्रश्न कायम छळत आला. माहीमच्या खाडीपलीकडची मुंबई गेली, मग अलीकडचं साष्टी बेट आणि त्यावरचं ठाणं पोर्तुगिजांकडे राहिलं कसं?

स्पेनपासून बचावायला पोर्तुगालला इंग्लंडचं आरमार हवं होतं. म्हणून २३ जून १६६१च्या करारात ब्रागांझाच्या कॅथरीनसोबत वीस लाख क्रुझादो, टँजियर आणि मुंबई द्यायचं ठरलं. मुंबई कुठे आहे, हे लंडनच्या दरबारात धड माहीत नव्हतं. चॅन्सलर क्लॅरेंडन तर ती ब्राझीलजवळ आहे असं समजून चालला होता.

सप्टेंबर १६६२मध्ये लॉर्ड मार्लबरोचं आरमार मुंबईला आलं आणि त्यानं साष्टी नि ठाणंही मागितलं. लंडनमध्ये दाखवलेल्या नकाशात ती होती, असा इंग्रजांचा दावा. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ काश्त्रु हटून बसला. करारात मुंबईचं बेट लिहिलंय, तेवढंच. मग बेटही देईना. इंग्लंडच्या राजातर्फे ताबा घ्यायला आलेल्या सर अब्राहम शिपमनची अधिकारपत्रं नीट नाहीत, अशी सबब पुढे केली. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेलाच, असं त्यानं पुढे आपल्या राजाला कळवलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. लिस्बनला न दिसलेलं त्याला गोव्यातून लख्ख दिसत होतं.

त्याच्या हट्टापायी शिपमनची सुमारे ४०० माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली. रोगराईनं बहुतेक गेली, १६६४मध्ये शिपमनही गेला. उरलेल्या शंभरेकांना घेऊन त्याचा सचिव हम्फ्रे कुक मुंबईत उतरला.

ताबा दिल्याचा दस्तऐवज मी पुनःपुन्हा वाचते. तारीख १८ फेब्रुवारी १६६५, जागा डोना इग्नेस द मिरांडा या विधवा बाईंचा वाडा. बेटाच्या वतनदार त्याच. कुक तिथे फिरला, हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवरून चालला आणि मुंबई इंग्लंडच्या राजाची, दुसऱ्या चार्ल्सची झाली. एकीच्या लग्नापायी दुसरीच्या घरात बेटाची देवघेव झाली. निर्णय दोघींचाही नव्हता.

कॅथरीनच्या नशिबी तरी काय आलं? मे १६६२मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं आणि काही महिन्यांतच चार्ल्सनं आपल्या प्रेयसीला, बार्बरा व्हिलियर्सला, राणीच्या खासगी सेवेत नेमलं. राणी भांडली, रडली, शेवटी नमली. मूल झालं नाही. कॅथलिक म्हणून १६७८मध्ये राजाच्या खुनाच्या कटाचा आळही आला. नवऱ्यामागे ती मायदेशी परतली आणि भावाच्या आजारपणात तिनं पोर्तुगालचा कारभार समर्थपणे पाहिला. तिच्या आयुष्याचा हा शेवटचा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

इकडे आंदणाचा वाद कल्याणच्या मचव्यांवर येऊन आदळला. कल्याण शिवाजी महाराजांकडे, मुंबई इंग्रजांकडे आणि मधल्या ठाण्याला पोर्तुगीज जकात. १६६८मध्ये चार्ल्सनं वर्षाला १० पौंडांच्या खंडावर बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, तरी जकातीची भांडणं मिटली नाहीत.

१७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. लग्नाच्या कराराआधारे मागून न मिळालेलं हे गाव इंग्रजांनी डिसेंबर १७७४मध्ये तोफा लावून जिंकलं; ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्याच्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन कामी आला. १७८२च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडेच राहिली.